प्रोग्रेसिव्ह रॉक, इटालियन

इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक : इटलीमध्ये सामान्यतः १९७१ ते १९७७ या काळात बहरास आलेला संगीतप्रकार. रॉक संगीतातील विद्युत् गिटार, बेस व ड्रम यांचा जोरकस वाद्यमेळ, यूरोपीय अभिजात संगीतातील दीर्घ व बहुखंडी रचनाबंध आणि इटालियन गीतपरंपरेतील स्वरमाधुर्य यांचा संयोग हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे प्रगतिशील, हे विशेषण मूळचे इंग्लंडमधील. तेथे १९६७ नंतरच्या काही वर्षांत किंग क्रिम्झन, यस, जेनेसिस, व्हॅन डर ग्राफ जनरेटर इ. वृंदांनी तीन मिनिटांच्या गीताची चौकट सोडून दहा-वीस मिनिटांच्या, बदलत्या लयींच्या आणि पुष्कळदा एखाद्या कल्पनेभोवती गुंफलेल्या रचना करण्यास प्रारंभ केला. इटलीत त्या काळी अशा संगीतास नुसते ‘पॉप’ असे म्हणत. आज रूढ असलेली संज्ञा त्यास मागाहून चिकटली.

हे संगीत इंग्लंडमधून आले, हे उघड आहे. किंबहुना इंग्लंडच्या काही वृंदांना स्वदेशापूर्वी इटलीनेच डोक्यावर घेतले. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या वृंदाची पॉन हार्ट्‌स ही ध्वनिमुद्रिका इंग्लंडमध्ये फारशी खपली नाही. इटलीत मात्र १९७२ मध्ये ती विक्रीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. तथापि इटालियन वृंदांचे कार्य अनुकरणापुरते राहिले नाही. अँग्लो-अमेरिकन जगात जन्मलेले आणि इंग्रजी भाषेच्या लयीत घडलेले रॉक संगीत परक्या भाषेत, परक्या संगीतपरंपरेच्या आधारे स्वतंत्रपणे उभे राहू शकते काय, हा प्रश्न यूरोपातील सर्वच देशांपुढे होता. इटलीतील पाचसहा वर्षांच्या या प्रयत्नाने त्याचे जे उत्तर दिले, त्यात या संगीताचे महत्त्व आहे. पुढे हेच वृंद इंग्रजीत गाऊ लागले, तेव्हा काय हाती आले आणि काय निसटले, हाही त्या उत्तराचाच भाग होय.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत लोकप्रिय गीताचे केंद्र सानरेमो येथील गीतमहोत्सव हे होते. हा महोत्सव १९५१ मध्ये सुरू झाला. गायकाचा आवाज, सोपे पालुपद आणि मागे साथीचा तंतुवाद्यमेळ असे तेथील गीताचे रूप होते. १९६३–६४ नंतर बीटल्सच्या प्रभावाने इटलीत ‘बीट’ वृंदांची लाट आली. परंतु त्यांचा बराचसा संग्रह इंग्रजी गीतांच्या इटालियन रूपांतरांचा असे. बाजार ४५ फेऱ्यांच्या लहान तबकडीवर चाले. दीर्घ ध्वनिमुद्रिका म्हणजे बहुधा खपलेल्या गीतांची मोट.

रूपांतरांत एक अडचण वारंवार जाणवे. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतो आणि आघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर पडतो. इंग्रजी रॉक गीताची ओळ पुष्कळदा एकाक्षरी, आघातयुक्त शब्दावर तुटते. तसा शेवट साधण्यासाठी इटालियन गीतकारांना अन्त्याघाती शब्दांच्या मोजक्या साठ्याकडे पुनःपुन्हा वळावे लागे आणि गीते एकसुरी होत. प्रोग्रेसिव्ह रॉकमधील लांब, सावकाश उलगडणाऱ्या स्वरावलीने ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली. ओळ ठोक्यावर तोडण्याची निकड राहिली नाही. इटालियन वाक्य आपल्या अंगभूत चालीने पसरू शकले.

दुसरी अनुकूल गोष्ट म्हणजे संगीतशिक्षण. इटलीत शहरोशहरी शासकीय संगीतविद्यालये आहेत. गावोगावी नगरवाद्यवृंद व चर्चमधील गायनवृंद आहेत. नव्या वृंदांतील कीबोर्ड, बासरी व व्हायोलिन वाजविणाऱ्यांपैकी अनेकजण अशा शिक्षणातून आलेले होते. बाख, व्हिव्हाल्दी, स्कार्लात्ती यांच्या रचना त्यांच्या बोटांत मुरलेल्या होत्या. इंग्लिश रॉकमध्ये अभिजात संगीताचा उपयोग पुष्कळदा अलंकारासारखा वाटतो. इटालियन वृंदांत तो घरच्या भाषेसारखा वाटतो. अर्थात तो नेहमीच नेटका उतरला, असे नाही.

आरंभ : जेनोआ येथील न्यू ट्रोल्स या वृंदाच्या सेन्सा ओरारिओ सेन्सा बान्दिएरा (१९६८) या ध्वनिमुद्रिकेची गीते फाब्रीत्सिओ दे आन्द्रे या कवी-गायकाने रिक्कार्दो मान्नेरीनी या कवीच्या कवितांवरून रचली होती, सर्व गीते एका सूत्रात ओवण्याचा इटलीतील हा आरंभीचा प्रयत्न. त्याच वृंदाच्या कोन्चेर्तो ग्रोस्सो पेर इ न्यू ट्रोल्स (१९७१) या ध्वनिमुद्रिकेने नव्या संगीताकडे सर्वांचे लक्ष वेधले. मूळ अर्जेंटिनाचा, इटलीत स्थायिक झालेला संगीतकार लुईस बाकालोव्ह याने एका चित्रपटासाठी ही रचना केली. बरोक काळातील कोन्चेर्तो ग्रोस्सो या प्रकारात मोजक्या वादकांचा लहान गट आणि मोठा तंतुवाद्यमेळ आळीपाळीने वाजतात. बाकालोव्हने लहान गटाच्या जागी रॉकवृंद बसविला. एका खंडात हॅम्लेटच्या स्वगतातील शब्दांचा आधार घेतला आहे, तर अखेरचा खंड अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याच्या स्मृतीस अर्पण केला आहे. तबकडीची दुसरी बाजू वृंदाच्या मुक्त वादनाने भरली आहे व ती पहिलीच्या मानाने सैल आहे. ध्वनिमुद्रिकेच्या यशामुळे बाकालोव्हने हीच पद्धती नेपल्सच्या ओसान्ना वृंदाबरोबर मिलानो कालीब्रो ९ (१९७२) मध्ये आणि रोमच्या इल रोव्हेशो देल्ला मेदाल्या वृंदाबरोबर कोन्तामिनात्सिओने (१९७३) मध्ये योजिली. कोन्तामिनात्सिओने या रचनेत बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअरमधील काही प्रिल्यूड व फ्यूग यांतील कल्पना घेतल्या आहेत.

व्हेनिसजवळील मार्गेरा भागातील ले ओर्मे (म. शी. पाऊलखुणा) या वृंदाने तंतुवाद्यमेळाची मदत न घेता तोच परिणाम तिघांत साधला. आल्दो ताल्यापिएत्रा (गायन व बेस), तोनी पाल्युका (कीबोर्ड) आणि मिकी देई रोस्सी (ड्रम) हे ते तिघे होत. कोलाज (१९७१) या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षवादन ऑर्गनच्या भव्य नादात सुरू होऊन मध्येच दोमेनीको स्कार्लात्ती याच्या एका सोनाटाकडे वळते. उओमो दी पेत्सा (१९७२, म. शी. चिंध्यांचा माणूस) या ध्वनिमुद्रिकेनंतर आलेली फेलोना ए सोरोना (१९७३) ही त्यांची सर्वोत्कृष्ट कृती मानली जाते. एक प्रकाशमान व सुखी, दुसरा अंधारलेला व दुःखी अशा दोन जुळ्या ग्रहांची ही कथा आहे. दुःखी ग्रहाकडे देवतेची दृष्टी वळते. क्षणभर दोहोंत समतोल साधतो. पण एकाचे सुख वाढू लागताच दुसऱ्याचे सरू लागते आणि शेवटी दोघांचाही नाश होतो. ताल्यापिएत्राचा आवाज उंच, बारीक व निष्पाप वाटणारा आहे. हे क्रूर कथानक त्या आवाजातच अधिक टोचते. पीटर हॅमिल या इंग्लिश गायकाने या कृतीची इंग्रजी गीते लिहिली. परंतु इंग्रजी आवृत्तीला बाहेर फारसे यश लाभले नाही. ताल्यापिएत्रा पुढे सतारवादनाकडेही वळला.

प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी : इटलीबाहेर सर्वाधिक ख्याती मिळविलेला हा मिलानचा वृंद. ब्रेशा प्रांतातील क्यारी या गावच्या एका बेकरीवरून हे नाव घेतले असून ‘मार्कोनी यांची पुरस्कारप्राप्त बेकरी’ असा त्याचा अर्थ होतो. सुटसुटीत इंग्रजी नावांच्या त्या जमान्यात असे लांबलचक, गावंढळ वाटणारे नाव धारण करणे हीच एक भूमिका होती. फ्रान्स दी चोच्चो (ड्रम), फ्रांको मुस्सीदा (गिटार), फ्लाव्हिओ प्रेमोली (कीबोर्ड) व जॉर्जो पियाझ्झा (बेस) हे पूर्वी क्वेल्ली या नावाने एकत्र वाजवीत आणि ध्वनिमुद्रणगृहांत इतर गायकांची साथ करीत. त्यांना माउरो पागानी हा व्हायोलिन व बासरीवादक येऊन मिळाला. दुसऱ्यांच्या गीतांना साथ करून कमावलेला नेमकेपणा त्यांच्या वादनात शेवटपर्यंत टिकला.

स्तोरिया दी उन मिनूतो (१९७२, म. शी. एका मिनिटाची कथा) या त्यांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ‘इम्प्रेस्सिओनी दी सेत्तेम्ब्रे’ (सप्टेंबरमधील संवेदना) हे गीत आहे. ते १९७१ मध्येच लहान तबकडीवर निघाले होते. पहाटेच्या धुक्यात शेतातून एकटाच चालणारा माणूस, ओले गवत, स्वतःच्या अस्तित्वाविषयीची शंका असा त्याचा आशय आहे. गीताचे कडवे अत्यंत हळुवार आहे. लोकप्रिय गीताच्या रीतीप्रमाणे श्रोता शब्दबद्ध पालुपदाची वाट पाहतो आणि तेथे शब्दच येत नाहीत. त्यांच्या जागी मूग सिंथेसायझर या विद्युत् स्वरवाद्यावर एक भरदार स्वरावली वाजते. इटलीसारख्या गायकप्रधान देशात पालुपद वाद्याच्या स्वाधीन करणे धाडसाचे होते. हे गीत आजही इटलीत सर्वतोमुखी आहे. शब्द नसलेला भाग श्रोते समूहाने गुणगुणतात. त्याच वर्षी निघालेली पेर उन आमीको (म. शी. एका मित्रासाठी) ही ध्वनिमुद्रिका अधिक गुंतागुंतीची असूनही कोठे जड होत नाही. रचनेच्या दृष्टीने ती या वृंदाची सर्वांत परिपूर्ण कृती होय.

इंग्लंडमधील इमर्सन, लेक अँड पामर या वृंदाच्या मँटिकोर कंपनीने त्यांच्याशी करार केला. किंग क्रिम्झनसाठी गीते लिहिणारा पीटर सिनफील्ड याने नवी इंग्रजी गीते रचली आणि फोटोज ऑफ घोस्ट्‌स (१९७३) ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती मूळ गीतांची भाषांतरे नव्हती. त्याच चालींवर सर्वस्वी निराळ्या आशयाचे शब्द बसविले होते. ‘इल बान्केत्तो’ (मेजवानी) हे एकच गीत इटालियनमध्ये राहिले. इटालियन वृंदाची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या क्रमवारीत नोंदली जाणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. १९७४ मध्ये वृंदाने अमेरिकेचा दौरा केला. टोरांटो आणि न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क येथील कार्यक्रमांतून कुक ही प्रत्यक्ष कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका तयार झाली. तीत वादनाची तडफ थक्क करणारी आहे. गायन मात्र उसने वाटते. मूळ इटालियन ओळींतील दीर्घ स्वरांना इंग्रजीत जागा उरली नाही आणि उच्चारांचे परकेपण लपले नाही. पुढे इंग्रजी गायनाकरिता बेर्नार्दो लान्झेत्ती या स्वतंत्र गायकास घेण्यात आले. त्याच्यासह निघालेल्या चॉकोलेट किंग्ज (१९७५) या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षगीतात युद्धानंतर अमेरिकनांबरोबर इटलीत आलेल्या सुबत्तेचे व उपभोगवादाचे उपहासात्मक चित्रण आहे. एका आवृत्तीच्या वेष्टनावर अमेरिकन ध्वजात गुंडाळलेली चॉकलेटची वडी होती. ज्या बाजारपेठेसाठी इंग्रजी स्वीकारली, तिलाच डिवचणारी ही कृती अमेरिकेत रुजली नाही, यात नवल नाही. पागानी लवकरच वृंदातून बाहेर पडला आणि जेट लॅग (१९७७) नंतर आंतरराष्ट्रीय प्रयत्न थांबला.

बांको देल मूतुओ सोक्कोर्सो : ‘परस्पर साहाय्यक पेढी’ असे नाव धारण करणारा हा रोम परिसरातील वृंद व्हित्तोरिओ व जान्नी नोचेन्झी या बंधूंनी उभारला. एक भाऊ ऑर्गन व सिंथेसायझरवर, दुसरा पियानोवर अशी दोन कीबोर्ड वाद्यांची जोडी हे त्याचे वैशिष्ट्य. गायक फ्रांचेस्को दी जाकोमो (१९४७–२०१४) हा दाढीधारी, धिप्पाड पुरुष. फेल्लीनीच्या काही चित्रपटांत त्याने किरकोळ भूमिकाही केल्या. त्याचा आवाज मात्र ऑपेरातील टेनरसारखा स्वच्छ व कोवळा होता. रॉक गायनातील घोगरा आक्रोश त्याने कधी जवळ केला नाही. या एका आवाजामुळे इटालियन रॉकला आपला गायक मिळाला, असे म्हणता येईल.

वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे (१९७२) वेष्टन मातीच्या गल्ल्याच्या आकाराचे होते व गल्ल्याच्या फटीतून वादकांची छायाचित्रे असलेली पट्टी बाहेर ओढता येत असे. आरंभीच्या निवेदनात आरिओस्तोच्या महाकाव्यातील आस्तोल्फो या वीराचा उल्लेख येतो. शाळेत सक्तीने शिकलेले महाकाव्य आणि रस्त्यावरचे रॉक येथे एकत्र आले. त्याच वर्षी निघालेली दार्विन! ही उत्क्रांतीच्या कल्पनेवर आधारलेली ध्वनिमुद्रिका या संगीतप्रकारातील श्रेष्ठ कृतींपैकी एक होय. जीवसृष्टीचा उदय, महाकाय सरीसृपांचे नृत्य, दोन पायांवर उभा राहणारा प्राणी, टोळीची निर्मिती असे तिचे खंड आहेत. ‘७,५०,००० वर्षांपूर्वी... प्रेम?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे गीत विशेष उल्लेखनीय आहे. भाषा अद्याप न लाभलेला आदिमानव पाणवठ्यावरील स्त्रीकडे पाहतो. तिला काही सांगावे अशी त्याची इच्छा आहे, पण ओठांतून केवळ ओरडणे निघेल, हे तो जाणतो. ज्याला शब्द नाहीत त्याचे मनोगत शब्दांत मांडण्याची ही कल्पना भावगीताच्या मर्यादेत राहूनही मोठी झाली आहे. अखेरच्या खंडात रहाटाच्या करकरीवर काळाविषयी प्रश्न विचारला जातो. यानंतरच्या इओ सोनो नातो लीबेरो (१९७३, म. शी. मी जन्मतः मुक्त आहे) मध्ये राजकीय कैद्याला उद्देशून रचलेले पंधरा मिनिटांहून दीर्घ गीत आहे. मँटिकोरने या वृंदाचीही इंग्रजी आवृत्ती काढली (१९७५). दी जाकोमोचा आवाज इंग्रजीत बंद पेटीत कोंडल्यासारखा झाला आणि वृंद मायदेशी परतला.

आरेआ : या मिलानच्या वृंदाने सर्वांत निराळी वाट धरली. वरील वृंदांचा आधार बरोक संगीत असला, तर आरेआचा आधार जॅझ, बाल्कन व अरबी प्रदेशांतील विषम ताल आणि विद्युत् ध्वनींचे प्रयोग हा होता. गायक देमेत्रिओ स्त्रातोस (१९४५–७९) हा ॲलेक्झांड्रियात जन्मलेला ग्रीक. आर्बाइट माख्त फ्राय (१९७३) हे त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव नाझी छळछावण्यांच्या प्रवेशद्वारावरील ‘श्रम मुक्त करतात’ या अर्थाच्या वाक्यातून घेतलेले आहे. तबकडीबरोबर पुठ्ठ्याचे एक पिस्तूल दिले जाई. पहिलेच गीत एका स्त्रीच्या अरबी निवेदनाने उघडते व पॅलेस्टाइनच्या प्रश्नाला हात घालते. पुढे कॉशन रेडिएशन एरिया (१९७४) आणि क्राक! (१९७५) या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आरेआने वामपंथी मेळाव्यांत वारंवार वादन केले. ‘इंटरनॅशनल’ हे कामगार-गीतही त्यांनी आपल्या पद्धतीने वाजविले.

स्त्रातोसचे खरे कार्य मानवी आवाजाविषयीचे आहे. लहानग्या कन्येच्या बडबडीचे निरीक्षण करताना, बालक भाषा शिकते तेव्हा आवाजाच्या कितीतरी शक्यता गमावते, असे त्याच्या ध्यानी आले. त्याने एका वेळी दोन स्वर काढण्याचे तंत्र अभ्यासले, पादुआ येथील ध्वनिविज्ञान-केंद्रात आपल्या आवाजाची तपासणी करून घेतली आणि मेत्रोदोरा (१९७६) व कान्तारे ला व्होचे (१९७८) या निव्वळ कंठध्वनींच्या ध्वनिमुद्रिका सिद्ध केल्या. रक्तविकाराने तो आजारी पडला, तेव्हा उपचारांच्या खर्चासाठी १४ जून १९७९ रोजी मिलानच्या आरेना या क्रीडागारात अनेक कलावंतांनी मिळून कार्यक्रम ठरविला होता. आदल्या दिवशी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. कार्यक्रम रद्द झाला नाही. तो श्रद्धांजलीचा झाला. वृंदातील गिटारवादक पाओलो तोफानी याने पुढे कृष्णभक्ती-संप्रदायाची दीक्षा घेतली.

अन्य वृंद व ध्वनिमुद्रिका : या काळाचे एक लक्षण असे की, अनेक वृंदांच्या नावावर एकच ध्वनिमुद्रिका आहे. कंपन्या नव्या वृंदांना सहज संधी देत आणि पहिला खप मनाजोगता न झाल्यास तितक्याच सहज सोडून देत. नेपल्समध्ये ओसान्नाने चेहरे रंगवून व पुल्चिनेल्ला या लोकनाट्यातील पात्राच्या वेषात रंगमंचावर येण्याची प्रथा पाडली, पालेपोली (१९७३, म. शी. जुने नगर) या त्यांच्या कृतीत नेपल्सच्या लोकगीतांतून एकदम कर्कश रॉकमध्ये शिरणारी संक्रमणे अंगावर येतात. त्याच शहरातील इल बाल्लेत्तो दी ब्रोन्झो या वृंदाची ईस (१९७२) ही कृती सबंध प्रकारातील सर्वांत काळोखी म्हणावी लागेल. जेनोआच्या लात्ते ए मिएले या कोवळ्या तरुणांच्या वृंदाने पास्सिओ सेकुन्दुम मात्तेउम (१९७२) मध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील येशूच्या यातनाकथेस रॉकचे रूप दिले, तर रोमच्या मेतामोर्फोसीने इन्फेर्नो (१९७३) मध्ये दान्तेच्या नरकात मादक पदार्थांचे व्यापारी, वंशद्वेष्टे व राजकारणी यांना नेऊन बसविले. फ्रांको बात्तियातो (१९४५–२०२१) याने फेतुस (१९७२) पासून सिंथेसायझरवर एकट्यानेच प्रयोग चालविले होते.

मूझेओ रोझेनबाख या लिग्यूरियातील वृंदाची कहाणी त्या काळाचे स्वरूप दाखविते. त्यांची झाराथुस्त्रा (१९७३) ही ध्वनिमुद्रिका नीत्शेच्या ग्रंथावर आधारलेली असून मेलोट्रॉन या वाद्याचा तिच्यातील वापर भारदस्त आहे. (मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली तंतुवाद्ये वा गायनवृंद यांच्या ध्वनिफिती असतात, पट्टी दाबताच फीत वाजते.) वेष्टनावरील काळ्या चित्रजुळणीत मुसोलिनीचा अर्धपुतळा दिसत होता. त्यामागे फॅसिस्ट भूमिका नसल्याचे वादकांनी वारंवार सांगितले. पण नीत्शे आणि मुसोलिनी एकत्र आल्यावर तरुण वामपंथी श्रोतृवर्गास दुसरे काही ऐकू येणे कठीण होते. वृंद थोड्याच काळात विसर्जित झाला. एका वेष्टनचित्रामुळे चांगल्या संगीताचा असा बळी जाणे अन्यायाचे होते; मात्र मिलानच्या पियाझ्झा फोन्ताना येथील १२ डिसेंबर १९६९ च्या बाँबस्फोटानंतर इटलीत प्रतीके निरागस राहिली नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

ऱ्हास : १९७५ नंतर या संगीताचा आधार तिन्ही बाजूंनी ढासळला. कार्यक्रम हे त्याचे जीवन होते. पण संगीत विनामूल्य असावे, या मागणीसाठी तरुणांचे जथे कार्यक्रमस्थळी बळाने शिरू लागले. पोलिसांशी चकमकी नित्याच्या झाल्या. १९७५ मध्ये अमेरिकन गायक लू रीड याच्या मिलान व रोम येथील कार्यक्रमांत दंगली उसळल्या. परदेशी वृंद इटली टाळू लागले आणि मोठ्या कार्यक्रमांची व्यवस्थाच विस्कटली. रे नूदो या नियतकालिकाने मिलानच्या लाम्ब्रो उद्यानात भरविलेल्या युवकमेळ्यांपैकी १९७६ चा मेळा लूटमार व आपसांतील भांडणे यांत संपला. ज्या तरुणांनी हे संगीत वाढविले, त्यांनाच आता मेलोट्रॉन आणि जुळे ग्रह अप्रस्तुत वाटू लागले. त्यांना आपल्या जगण्याविषयी थेट बोलणारे शब्द हवे होते आणि ते गिटार घेऊन एकट्याने गाणाऱ्या कवी-गायकांकडे मिळत होते. याउलट ध्वनिमुद्रिका-कंपन्यांना हे संगीत महाग पडू लागले. १९७६ मध्ये घटनान्यायालयाच्या निर्णयाने स्थानिक खाजगी नभोवाणी-केंद्रे मोकळी झाली व त्यांनी आरंभी विविधता आणली खरी. परंतु लवकरच तेथेही लहान गीत आणि नृत्यसंगीत यांनी जागा व्यापली. आस्ती येथील लोकांदा देल्ले फाते या सात जणांच्या वृंदाची फोर्से ले लुच्चोले नॉन सी आमानो प्यू (१९७७, म. शी. कदाचित काजवे आता परस्परांवर प्रेम करीत नाहीत) ही अत्यंत सुरेल ध्वनिमुद्रिका श्रोते पांगल्यावर बाजारात आली.

तथापि हे वादक नाहीसे झाले नाहीत. गॉब्लिन वृंदाने दारिओ आर्जेन्तोच्या प्रोफोन्दो रोस्सो (१९७५) या भयपटासाठी केलेले संगीत प्रचंड खपले व या शैलीला चित्रपटांत घर मिळाले. मिलानचा स्तोर्मी सिक्स हा वृंद १९७८ मध्ये लंडन येथे भरलेल्या ‘रॉक इन ऑपोझिशन’ या, मोठ्या कंपन्यांना विरोध करणाऱ्या वृंदांच्या महोत्सवात सहभागी झाला. सर्वांत फलदायी घटना म्हणजे प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीने फाब्रीत्सिओ दे आन्द्रे (१९४०–९९) याच्याबरोबर १९७८–७९ मध्ये केलेला दौरा. दे आन्द्रेच्या गिटारवरील साध्या गीतांना वृंदाने नवे वाद्यमेळ दिले. त्यांतून १९७९ व १९८० मध्ये दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. इंग्रजीच्या मागे लागून वृंदाने जे गमावले होते, ते त्याला येथे परत मिळाले. कवीचे शब्द इटालियन आणि वाद्यमेळ रॉकचा. अनेक इटालियनांना ती गीते आज याच रूपात पाठ आहेत. माउरो पागानीने दे आन्द्रेसमवेत क्रेउझा दे मा (१९८४) ही जेनोआच्या बोलीतील व भूमध्यसागरी वाद्यांनी सजविलेली कृती सिद्ध केली. बात्तियातोच्या ला व्होचे देल पाद्रोने (१९८१) या सुगम ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

उत्तरकाल : या संगीताचे पुनरुज्जीवन प्रथम इटलीबाहेर झाले. १९८० नंतरच्या दशकात जपानमधील किंग रेकॉर्ड्‌स या कंपनीने विस्मृत इटालियन ध्वनिमुद्रिका पुन्हा काढल्या. इटालियन भाषा न कळणाऱ्या जपानी श्रोत्यांनी ती इटालियनमध्येच ऐकणे पसंत केले. मूळ प्रतींना संग्राहक मोठ्या किंमती देऊ लागले. त्यानंतर इटलीतही पुनर्मुद्रणे करणाऱ्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि नवे वृंद निघाले. ला मास्केरा दी चेरा या जेनोआच्या वृंदाने २०१३ मध्ये फेलोना ए सोरोना या कथेचा उत्तरभाग रचला. जुन्यांपैकी बांको देल मूतुओ सोक्कोर्सोने दी जाकोमोच्या अपघाती निधनानंतर नव्या गायकासह त्रान्सिबेरियाना (२०१९) ही ध्वनिमुद्रिका काढली. १९७३ मध्ये दान्तेच्या नरकापाशी थांबलेल्या मेतामोर्फोसीने २००४ मध्ये पारादीसो आणि २०१६ मध्ये पुर्गातोरिओ प्रसिद्ध करून, क्रम उलटा ठेवून का होईना, तिन्ही लोक पूर्ण केले.